श्रावणातला मेळावा आणि एक बाक

आमच्या वाचनालयाचा वार्षिक मेळावा श्रावणातल्या एखाद्या रविवारी भरतो, आणि तो याच महिन्यात का, हे कुडाळ तालुक्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागते. ज्यांना आम्ही बोलावतो ते दशावतारी नट, म्हणजे जत्रेत रात्रभर पौराणिक आख्याने रंगवणारे कोकणातले लोकनाट्य कलावंत, तुळशीचे लग्न लागल्यापासून जत्रांमागून जत्रा करीत असतात, उन्हाळा सरत येईपर्यंत त्यांना मोकळी रात्र मिळणे कठीण, आणि पाऊस पडला की ते आपापल्या शेतात उतरतात. लावणी आटोपली आहे आणि गणपतीची धावपळ अजून सुरू व्हायची आहे, एवढाच काय तो मधला काळ त्यांचा स्वतःचा असतो. बावीस वर्षे मी वाचनालयाचा कार्यवाह होतो. आता ती जबाबदारी तरुणांकडे गेली, तरी मेळाव्याची तारीख ठरवताना ते मला अजून विचारतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, अहवालाचे वाचन, जमाखर्चाला मंजुरी आणि दहावी-बारावीच्या मुलांचा गौरव हे सारे दरवर्षी रीतीप्रमाणे होते. त्यानंतर शाळेच्या सभागृहात एक लाकडी बाक आणून ठेवतात, आणि माझ्यासाठी मेळावा तिथून सुरू होतो.

हा बाक ठेवण्याची प्रथा आम्ही पाडलेली नाही. पहिल्या वर्षी पाहुण्यांसाठी आम्ही गादीची खुर्ची मांडली होती. ते ज्येष्ठ नट तिच्याकडे पाहून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “माका बाकडा व्हया.” दशावताराच्या रंगमंचावर मागे एक पडदा आणि पुढे एक बाक, याहून अधिक नेपथ्य नसते. राजा त्यावर बसला की ते सिंहासन होते, सारथी त्यावर उभा राहिला की रथ होतो, आणि वनवासातली द्रौपदी त्याला टेकून बसली की प्रेक्षकांना अरण्य दिसू लागते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्या लाकडावर बसून माणसाने कथा सांगितल्या, त्याच लाकडावर बसल्यावर त्याला स्वतःची कथा सांगता येते, असे मला वाटते. त्यानंतर आम्ही कोणत्याही नटासाठी खुर्ची मांडली नाही.

या मंडळींची भाषणे मला हलवून सोडतात, कारण ती कोणी लिहून आणलेली नसतात. दशावताराला लिखित संहिता नसते, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते प्रत्यक्षात कसे साधते, हे मला या मेळाव्यांतून कळले. आख्यान त्या रात्रीच ठरते. नट मांडी घालून, समोर आरसा धरून स्वतःचा रंग स्वतः लावत असतात, आणि त्या वेळी कंपनीचे मालक किंवा एखादे जाणते नट कोणी कोणते पात्र घ्यायचे आणि प्रवेश कोणत्या क्रमाने यायचे, एवढे सांगतात. बाकीचे सगळे रंगमंचावर घडते. आधी आडदशावतार होतो, म्हणजे गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. मग पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर मुख्य आख्यान उभे राहते. संकासुर मालवणीत बोलतो, पण देव आणि राजे शुद्ध, भारदस्त मराठीत बोलतात, आणि घरात आयुष्यभर मालवणी बोललेला शेतकरी रात्री दोन वाजता अशी मराठी एकदाही न अडखळता बोलत राहतो.

ही भाषा आली कुठून, हे मी बाक मागणाऱ्या त्या ज्येष्ठ नटांना एकदा विचारले होते. उत्तर मिळाले की घरात चातुर्मासात पोथी लागत असे, श्रीधरस्वामींचे हरिविजय आणि पांडवप्रताप आई वाचत असे, आणि हे दिव्याला तेल घालत ऐकत बसत. पुढे चौदाव्या वर्षी कंपनीत गेल्यावर पहिली दोन वर्षे त्यांनी केवळ पेटाऱ्याला हात लावला. त्या काळी कपडे, मुकुट आणि शस्त्रे यांचा तो पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला पायी जात असत. दिवसा देवळाच्या पडवीत झोपायचे आणि रात्री उभे राहायचे. एका नाईटचे किती पैसे मिळत, हे त्यांनी कधी सांगितले नाही. पण लावणीच्या वेळी आपण घरी असतो तेवढेच महिने बायकोला आपल्या हाताची मदत झाली, हे त्यांनी दोन वेगवेगळ्या वर्षी, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. कथा सांगण्याविषयी त्यांचे म्हणणे असे होते की आख्यान पाठ करायचे नसते, ते पोटात असावे लागते. पाठ केलेले समोरच्याने वेगळे काही विचारले की अडते, पोटात असलेले अडत नाही.

आणि तरीही ते स्वतः एकदा अडले होते. ती हकीकत त्यांनी सहा वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात सांगितली, आणि माझ्या मते आमच्या मेळाव्यांत झालेले ते सर्वांत श्रेष्ठ बोलणे होय.

पौषातली जत्रा होती, रात्रीचे तीन वाजून गेले होते, आणि आख्यान कर्णाचे होते. कुंती कर्णाला भेटायला येते, तो जन्मरहस्य ऐकतो, पांडवांकडे यायचे नाकारतो आणि तुझे पाच पुत्र पाचच राहतील असे वचन देतो, हा प्रवेश या दोघा नटांनी शेकडो वेळा केलेला. त्या रात्री कुंती करणाऱ्या नटाने ठरलेला विषय काढलाच नाही. ते बाकाजवळ आले, कर्णाच्या उघड्या छातीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “कर्णा, कवच उतरवून दिलेस, तेव्हापासून तुला थंडी वाजते का रे?”

आमच्या पाहुण्यांनी सांगितले की त्या प्रश्नावर त्यांच्या पोटातले सारे पुराण रिकामे झाले. मृदंगवाल्याने हात थांबवला. किती वेळ गेला ते कळले नाही. मग त्यांच्या तोंडून निघाले, “माते, आजवर वाजली नव्हती. तू विचारलेस आणि वाजू लागली.” समोर घोंगड्या पांघरून बसलेल्या बायका रडू लागल्या, आणि वचनाचा भाग त्या रात्री कसाबसा उरकावा लागला. पुढच्या जत्रेत मालकांनी मुद्दाम तेच आख्यान लावले. दोघांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर पुन्हा दिले, आणि प्रेक्षकांत काहीही हलले नाही. “ता त्याच राती होता,” एवढेच त्यांनी आम्हाला सांगितले, आणि नंतर उरलेल्या कारकिर्दीत ते वाक्य आपण पुन्हा उच्चारले नाही, असे म्हणाले.

हे चालले असताना मागच्या भिंतीजवळ एक वृद्ध गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते त्या रात्रीचे कुंती होते. त्यांना दिसणे जवळजवळ बंद झाले होते आणि नातवाने त्यांना धरून आणले होते. त्यांना बोलावण्याचे आम्हा कोणाला सुचले नव्हते. ते स्वतःहून आले होते. कर्ण बाकावरून उठले, सभागृहाच्या मधल्या वाटेने मागे गेले आणि स्वतःच्या अंगावर आम्ही घातलेली शाल त्यांनी त्यांच्या खांद्यावर घातली. दोघेही काही बोलले नाहीत. आमचा आभाराचा कार्यक्रम त्या दिवशी बराच वेळ सुरू होऊ शकला नाही.

सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, तेव्हाही सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे आपले बोलणे प्रसंगानुसार स्वतःच रचीत असत. मराठी नाटकाच्या इतिहासात आपण ते आरंभीचे, अपुरे रूप म्हणून शिकतो, आणि शिक्षक म्हणून मीही ते मुलांना तसेच शिकवले. त्या श्रावणानंतर मी ते तसे शिकवू शकलो नाही.

उपस्थितीविषयी लिहू नये असा मला सल्ला मिळाला आहे, पण लिहितो. त्या दिवशी सभागृहात अडतीस माणसे होती. हजेरीवही माझ्याकडे आहे. पाऊस होता हे खरे, परंतु त्याच पावसात पुढच्या महिन्यात मुंबईहून गाड्या भरून चाकरमानी गणपतीला येतात, आणि दशावतार आपला अभिमान आहे असे त्यांतले पुष्कळ जण आवर्जून सांगतात. ती शालीची हकीकत आता गावात सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी ती पाहिली नाही असे लोक मला वाटेत थांबवून ती सांगायला लावतात, आणि मी सांगतो; पण प्रत्येक वेळी मला वाटते की तुम्ही तेव्हा पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता. कुंती झालेले ते गृहस्थ पुढच्या शिमग्याआधी गेले. त्यांना पुन्हा पाहण्याची संधी कोणालाच मिळाली नाही.

ज्यांच्यामुळे हे मेळावे होतात त्यांच्यापैकी कोणी राहू नये, म्हणून मी यादी चार वेळा तपासली आहे. सभागृह देणाऱ्या मुख्याध्यापिका बाई. फळ्यावर सुवाच्य अक्षरांत स्वागत लिहिणारी सातवीतली मुलगी आणि तिच्याआधी सलग तीन वर्षे ते लिहिणारी तिची मोठी बहीण. वीज गेली की आपला इन्व्हर्टर उचलून आणणारे किराणा दुकानदार. पाहुण्यांना घरून आणून पुन्हा घरी सोडणारे आणि कधीही भाडे न घेतलेले रिक्षावाले दादा. नांदीला पेटी धरणारे गुरुजी आणि मृदंगावरचे त्यांचे भाचे. घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ करणाऱ्या बचत गटाच्या ताई, ज्यांनी एका वर्षी खतखतेही केले होते. कार्यक्रम संपल्यावर चिखलाची फरशी पुसणाऱ्या मावशी. हजेरीवही सांभाळणारे ग्रंथपाल. आणि आडवाटेवरच्या वाडीतून म्हाताऱ्या माणसांना छत्री धरून आणणारे नववीचे विद्यार्थी.

गेल्या वर्षीच्या आभारात एक उल्लेख माझ्याकडून राहून गेला, आणि त्याची खंत मला वर्षभर आहे. बाकाचा एक पाय वाळवीने पोखरला होता. आमच्या वाडीतल्या सुतारांनी तो काढून फणसाचा नवा पाय बसवला, आणि मजुरी विचारली तेव्हा आपले वडील त्या जत्रेच्या रात्री घोंगडी घेऊन पुढेच बसले होते, एवढे सांगून ते निघून गेले. बाक आता शाळेच्या आतल्या पडवीत, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवला आहे. या वर्षीचे पाहुणे स्त्री पार्ट करणारे आहेत, आणि मेळावा नेहमीप्रमाणे दुपारी तीन वाजता सुरू होईल.