स्पीडब्रेकरवर दुखलं का?

मंगळवारी रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं. भेळ बाधली असणार म्हणून ओवा चावून झोपलो. पहाटे दुखणं उजवीकडे खाली उतरलं आणि मला सरळ उभं राहवेना.

रिक्षातून दवाखाना गाठला. सर्जन मॅडमनी कागद बघायच्या आधीच विचारलं, "येताना स्पीडब्रेकरवर दुखलं का?" वाटेत तीन लागले होते, तिन्हींवर जीव गेला होता. (या प्रश्नाचा २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये रीतसर अभ्यास झालाय, हे मागाहून वाचलं.) मग त्यांनी पोट हळूहळू दाबलं आणि झटकन हात उचलला. दाबताना सोसलं, सोडताना ओरडलोच.

पांढऱ्या पेशी १४,२०० निघाल्या. सोनोग्राफीत अपेंडिक्स ८ मिलिमीटर जाड. ६ च्या वर गेलं की संशय घेतात. म्हटलं, आकडे आले, आता प्रश्न मिटला. कसलं काय! भावाने रिपोर्ट त्याच्या ओळखीच्या सर्जनना पाठवले. ते म्हणाले, "फुटलेलं नाही, आत खडा दिसत नाही. अँटिबायोटिकवर बघायला हरकत नाही."

मॅडमना भीतभीतच हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तेही चूक नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्या दहांपैकी साधारण तिघांनाच तीन महिन्यांत ऑपरेशन लागलं. पण तुमचं पोट हाताला बरं लागत नाहीये. कामाला कुठे असता?"

"एसटीत कंडक्टर. सध्या मुक्कामी गाडी आहे, घाटातल्या गावाला."

"मग रात्री दोनला तिथे फुटलं तर?"

बायकोने माझ्याकडे न बघताच पेन मागितलं. संमतीपत्रावर छापलं होतं, 'दुर्बिणीने; गरज पडल्यास पोट उघडून'. गरज पडली की नाही, हे मी बेशुद्ध असताना त्याच ठरवणार होत्या.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटावर तीन छोट्या पट्ट्या होत्या, आणि दुखत होता उजवा खांदा! पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे तसं होतं म्हणे. शेजारच्या खाटेवरच्या पोराचंही अपेंडिक्सच काढलेलं, पण त्याच्या कुशीतून नळी बाहेर आलेली. माझ्याला का नाही, असं राउंडला विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आत थोडं गढूळ पाणी होतं. पू म्हणायचा की पाणी, यावर असिस्टंटचं आणि माझं तिथेच बोलणं झालं. मी पाणी म्हटलं, शोषून काढलं, नळी ठेवली नाही." पू ठरला असता तर सलाइनचे आणखी काही दिवस वाढले असते. त्या एका शब्दावर मी तिसऱ्या दिवशी घरी आलो.

आठ दिवसांनी बायोप्सी आली. मॅडमच्या नोंदीत 'फक्त सूज' होती. बायोप्सीत टोकाशी गँग्रीनची, म्हणजे सडून काळं पडण्याची, सुरुवात. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला. "मला काळं दिसलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. मग ताप, उलटी सगळं विचारून पुन्हा पोट चाचपलं. एवढं सरळ सांगणारा डॉक्टर मला तरी पहिल्यांदाच भेटला.

ड्युटीवर कधी जाऊ, हे विचारलं. मॅडम म्हणाल्या, दोन आठवड्यांनी. भावाच्या सर्जनना फोन केला, ते म्हणाले, महिनाभर नको. या वेळी मी बिनतक्रार त्यांचं ऐकलं.