अबोल, तोना, बेरेका

तीन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर एक इथिओपियन जोडपं राहायला आलं. औंधमधली आमची जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, त्यामुळे जिन्यात सगळ्यांची गाठ पडतेच. दोघंही पीएचडी करतायत. तिचं नाव इथे लिहीत नाही, ती मला दीदी म्हणते एवढं पुरे. हिंदी तिला तेवढंच येतं, बाकी आमचं इंग्लिशमध्ये चालतं.

पहिली ओळख फॉर्म भरताना झाली. भाडेकरूंच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना होता आणि ती म्हणाली आमच्यात आडनाव नसतंच, आपलं नाव, मग वडिलांचं, लागलंच तर आजोबांचं. लग्न झालं तरी बाई वडिलांचंच नाव लावते. मला हे इतकं आवडलं, लग्नानंतर नाव बदलायला मी किती ठिकाणी चकरा मारल्यात ते माझं मला माहीत.

मग जिन्यातल्या भेटी. तुम्ही कशा आहात, झोप झाली का, घरचे कसे आहेत, मुलगा कसा आहे, आई कशी आहे, एकामागून एक प्रश्न, आणि हे रोज. अम्हारिकमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, बाईला विचारतात ‘देह्ना नेश?’, पुरुषाला ‘देह्ना नेह?’, आणि उत्तर काहीही असो आधी म्हणायचं ‘इग्झिआबेर यिमस्गेन’, म्हणजे देवाची कृपा. ताप असला तरी देवाची कृपा, पैसे अडकले असले तरी देवाची कृपा. मला सुरुवातीला वाटायचं की हे वरवरचं आहे, एवढं विचारतात आणि सांगत तर काहीच नाहीत. आणि अजून एक गोष्ट, मी काही विचारलं की ती मध्येच ‘हः’ असा श्वास आत ओढायची, चटका बसल्यावर आपण ओढतो तसा. मला वाटायचं माझं काही चुकलं, हिला लागलं बोललेलं. महिन्याभराने कळलं की तो त्यांचा होकार आहे. हो म्हणायला शब्दच लागत नाही, श्वास आत घेतला की झालं.

त्यांच्यात एक शब्द आहे, यिलुन्यता. त्याच्या पोटातच ‘माझ्याबद्दल म्हणतील’ असा अर्थ आहे. आपली भीड, संकोच आणि लोक काय म्हणतील हे तिन्ही एकत्र केलं की जे होईल ते. नको असलं तरी तोंडावर नाही म्हणायचं नाही, हवं असलं तरी लगेच घ्यायचं नाही, यजमानाने आग्रह करायचा. हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती, माझी आजी अशीच होती.

खरं बोलणं होतं ते कॉफीवर. कॉफीला ते बुना म्हणतात. रविवारी ती बोलावते आणि तास-दीड तास काढूनच जावं लागतं. हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजायच्या, धूर यायला लागला की तो तवा तसाच उचलून प्रत्येकाच्या नाकाशी न्यायचा, आपण हाताने वास ओढून घ्यायचा. मग कुटायच्या, आणि जेबेनात, म्हणजे काळ्या मातीच्या गोल पोटाच्या नि लांब मानेच्या सुरईत उकळायच्या. बाजूला धूप जळत असतो, मध्ये लाह्यांची परात, कप बिनकानाचे आणि एवढेसे. एकाच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात, पहिली कडक, पुढच्या फिक्या होत जातात. पहिलीचं नाव अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका. बेरेका म्हणजे आशीर्वाद, आपल्या बरकतीचाच भाऊबंद. पण अबोल ऐकून मी थांबलेच. तिला सांगितलं की आमच्यात याचा अर्थ न बोलणारा, तर ती म्हणाली मग बरोबरच आहे, पहिल्या कपाला कोण काय बोलतं? तिसरा घेतल्याशिवाय उठू नये असं मानतात, आणि खरंच, मनातलं जे काय असेल ते तिसऱ्या कपालाच बाहेर येतं.

मागच्या पावसाळ्यात एका बुधवारी पहाटे पावणेसहाला जिन्यात पावलं वाजली. दार उघडून पाहिलं तर आठ-नऊ जण गुपचूप वर चालले होते, त्यांचेच देशबंधू, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या नेतेला, म्हणजे पातळ सुती ओढण्या, कोणी माझ्याकडे बघेना. दोन मिनिटांनी वरून जी किंकाळी आली ती मी विसरणार नाही. तिची आई गेली होती, तिकडे इथिओपियात, बाहिर दार नावाच्या शहरात. आणि जाऊन दोन दिवस झाले होते. आदल्या रात्री ती भावाशी फोनवर बोलली होती तेव्हा तो म्हणाला होता सगळे बरे आहेत, देवाची कृपा.

याला मेर्दो म्हणतात. मरणाची बातमी फोनवर द्यायची नाही, माणूस एकटं असताना तर नाहीच. आधी जवळच्यांना कळवायचं, त्यांनी जमायचं आणि पहाटे घरी जाऊन सांगायचं, म्हणजे ऐकणारीला धरायला हात असतात. तिची चुलतबहीण वॉशिंग्टनजवळ राहते, आफ्रिकेबाहेर त्यांची सर्वात मोठी वस्ती त्याच भागात आहे, तिकडेही हेच करतात, कामाच्या ठिकाणी असताना कळू नये म्हणून सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबतात. मला त्या दिवशी खूप राग आला होता की दोन दिवस लपवलं कसं. मग आठवलं, माझे बाबा गेले तेव्हा काकाने मला फोनवर ‘सीरियस आहेत, लगेच निघ’ एवढंच सांगितलं होतं, आणि मी अख्खा प्रवास रामरक्षा म्हणत आले होते.

ती रडली ती मोठ्याने, हेल काढून, आईचे गुण सांगत, आणि बाकीच्या बायका तिच्यामागून. त्या रडण्यातल्या गाण्याला मुशो म्हणतात. एरवी देवाची कृपा म्हणून सगळं झाकणारी ती, पण त्या सकाळी काही झाकलं नाही. आमच्या गावाकडेही बायका असंच रडायच्या, पुण्यात आल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून दुपारी मी पिठलं-भात केला. बुधवार होता, बुधवारी नि शुक्रवारी त्यांचा उपवास, दूधतूप चालत नाही, म्हणून भातावर तूप घातलं नाही. तिने पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, शिरो. त्यांच्याकडे हरभऱ्याच्या किंवा तत्सम डाळीच्या पिठाचं मसाला घालून जे कालवण करतात ते शिरो, तिच्या आईच्या हातचं फार छान व्हायचं म्हणे.

त्यानंतर तीन दिवस माणसं येतच होती, पिंपरीहून, विमाननगरहून, काही बोलायची नाहीत, नुसती बसायची. तिकडे यासाठी इद्दिर असते, गल्लीतले लोक दर महिन्याला थोडे पैसे टाकतात आणि कोणी गेलं की मांडव, खुर्च्या, भांडी, स्वयंपाक सगळं इद्दिर बघते. भिशीही आहे त्यांच्यात, तिला इकुब म्हणतात, पण इद्दिर ही खास मरणासाठीची. इथे पुण्यात तशी नाही, तरी माणसं मात्र तशीच आली.

चाळीस दिवस झाल्यावर तिने परत बुनाला बोलावलं. अबोलला आम्ही दोघी पावसाबद्दल बोललो. तोनाला तिच्या गाइडबद्दल. तिसरा कप भरताना मी विचारलं, आईबद्दल सांगशील? तिने जेबेना खाली ठेवली, आणि श्वास आत ओढला.