तेझेच्या शिबिराला साताऱ्याहून जायचं तर

फ्रान्समधल्या बरगंडीत तेझे नावाचं टेकडीवरचं छोटंसं गाव आहे. तिथे ब्रदरांचा, म्हणजे व्रत घेऊन एकत्र राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचा, मठ आहे. उन्हाळ्यात तिथे दर आठवड्याला जगभरातले हजारो ख्रिस्ती तरुण जमतात. आमच्या तरुण संघातले काहीजण यंदा जाऊन आलो. तेव्हापासून दर रविवारी उपासना सुटली की चर्चच्या दारात तेच प्रश्न सुरू होतात: खर्च किती, खायला काय, व्हिसा मिळतो का? म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

व्हिसापासून सुरुवात करा, कारण घोडं तिथेच अडतं. तेझेच्या मठाला कळवून त्यांचं उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नका. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे उजाडला की अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, तेव्हा जुलैत जायचं असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागा. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पाळकसाहेबांचं पत्र जरूर जोडा, पण खरी मदार बँकेच्या स्टेटमेंटवर आणि कॉलेजच्या किंवा नोकरीच्या दाखल्यावर.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, तिथून पॅरिस. पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून वेगवान टीजीव्ही पकडायची आणि मॅकाँ-लोशेला उतरायचं. मॅकाँ गावातलं स्टेशन वेगळं आहे, तिकीट काढताना नाव नीट बघा. पुढे तेझेपर्यंत बस आहे, पण रविवारी बस कमी असतात आणि शिबिर असतं रविवार ते रविवार! वेळापत्रक आधीच काढून ठेवा.

तिथे पोचलात की काम वाटून मिळतं. आमच्या वाट्याला भांडी आली. घरी स्वतःचं ताट न उचलणारे आमचे वीर कोपरापर्यंत फेसात हात घालून हंड्याएवढी पातेली घासत होते, शेजारी पोलंडची पोरं गात होती. मला विचाराल तर खरी सहभागिता बायबल अभ्यासाच्या गटापेक्षा त्या मोरीवर जास्त झाली. गटात इंग्रजीला अडखळणारे तिथे मोकळे झाले.

जेवण साधं आणि आपल्या जिभेला अळणी. नाश्त्याला पाव, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. दुपारी जे असेल ते चमच्याने खायचं, काटा-सुरी नाही. शेंगदाण्याची चटणी आणि भडंग न्या, पण कंदी पेढे घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात मनाई आहे. उन्हाळा असला तरी रात्री गारठा पडतो. स्वेटर, रेनकोट आणि झोपायची पिशवी हवीच.

दिवसातून तीनदा घंटा वाजते आणि सगळे 1962 साली बांधलेल्या चर्चमध्ये जमिनीवर बसतात. एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा गातात, मग बराच वेळ शांतता. ढोलकी-टाळावर भजन म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना ही शांतता पहिले दोन दिवस जड जाते. आमच्यातला एकजण तर चक्क घोरला.

तिथले ब्रदर कसे राहतात तेही बघून या. 1940 साली पंचवीस वर्षांचा रोजे स्वित्झर्लंडहून एकटाच इथे आला आणि युद्धातल्या निर्वासितांना त्याने आसरा दिला. 1949 च्या ईस्टरला सात जणांनी आजन्म व्रत घेतलं. आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ब्रदर एकत्र राहतात. देणगी घेत नाहीत, वारसाहक्काने आलेलं स्वतःसाठी ठेवत नाहीत. मातीची भांडी वगैरे करून पोट भरतात. 2005 साली संध्याकाळच्या प्रार्थनेतच ब्रदर रोजेंचा खून झाला, तरी दारं उघडीच राहिली.

हे ऐकताना मला आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आठवले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना, शाळा आणि बंगला येतो. पगार आणि बंगला सोडूनही ते काम होतं हे साताऱ्याने तेव्हाच पाहिलंय, फक्त आपल्या तरुण संघात कुणी ते सांगत नाही. जाण्याआधी तेवढं वाचून जा. गटात 'तुमच्याकडे काय?' असं हमखास विचारतात. टिळकांचं एखादं भजन पाठ ठेवा आणि टाळ बॅगेत टाका.

शिबिराचे पैसे देशागणिक आणि वयागणिक वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. वरखर्चाला थोडे युरो रोख ठेवा, कारण ब्रदरांनी केलेले वाडगे घेतल्याशिवाय कुणी परतत नाही. ते कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात टाकलेल्या आमच्या एका वाडग्याचे मुंबईला पोचेपर्यंत तीन तुकडे झाले होते.