आमची वाटचाल: झेरॉक्सच्या दुकानातून परीक्षेच्या वेळापत्रकाकडे

आज आम्ही कॉलेजांना परीक्षेचं वेळापत्रक प्रोग्रॅमनं लावून देतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत आमचं आधी झेरॉक्स-डीटीपीचं दुकान होतं. पीककर्जाच्या दिवसांत सातबाराच्या प्रती, लगनसराईत पत्रिका, जून उजाडला की प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म. हॉल तिकिटाची प्रिंट काढायला आलेली पोरं अधूनमधून कागद पुढे करायची, "भाऊ, दोन पेपर एकाच दिवशी, एकाच टायमाले आले. आता काय करू?" उत्तर आमच्याकडे नव्हतंच, पण कॉलेजच्या खिडकीवरही मिळत नव्हतं. पोरगा तिथेच ठरवायचा, की एक देऊ, दुसरा पुढच्या वर्षी.

हे होत होतं कारण वेळापत्रक शाखेनुसार लागायचं. वार्षिक पद्धतीत ते चालून गेलं. मुरलेले बाबू मागच्या वर्षीचा तक्ता काढून तारखा बदलायचे आणि गाडी पुढे जायची. सत्र पद्धत आली तशी तिसऱ्या सत्राचा विद्यार्थी पहिल्या सत्राचा राहिलेला केमिस्ट्रीचा पेपरही त्याच हंगामात देऊ लागला. पुढे 2020 च्या शैक्षणिक धोरणानं मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम) विषय आणि दुसऱ्या शाखेतले ऐच्छिक विषय आणले, म्हणजे कॉमर्सचा मुलगा सायन्सच्या पेपरला बसणार. विषय हजार असले तर तपासायच्या जोड्या 4,99,500 होतात. तिथे माणसाच्या डोळ्याचं काम संपतं.

इंजिनिअरिंग करून गावी परतलेल्या भाच्यानं मला पहिल्यांदा कागदावर मांडून दाखवलं. प्रत्येक विषय म्हणजे एक ठिपका. दोन विषयांना एक जरी विद्यार्थी सामाईक असला तर मध्ये रेघ. परीक्षेची प्रत्येक पाळी म्हणजे एक रंग, आणि रेघेनं जोडलेल्या ठिपक्यांना सारखा रंग द्यायचा नाही. "मामा, हे जुनंच आहे," तो म्हणाला. खरंच होतं. वेल्श आणि पॉवेल यांनी 1967 मध्येच याचा संबंध वेळापत्रकाशी जोडला होता: ज्या विषयाला सर्वांत जास्त रेघा, तो आधी बसवा. 1979 मध्ये ब्रेलाझनं त्यात सुधारणा केली. ज्या विषयाला उरलेल्या पाळ्या सर्वांत कमी, तो आधी घ्या. कमीत कमी पाळ्यांचं अचूक उत्तर मोठ्या यादीसाठी झटपट काढून देईल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. म्हणून आधी चालेल असा तक्ता काढायचा, मग अदलाबदल करत तो सुधारत न्यायचा.

सुधारला म्हणजे काय, हे आकड्यात सांगावं लागतं. 1996 पासून संशोधक टोरोंटोच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या माहिती-संचावर आपल्या रीती घासून पाहतात. तिथे एका विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या पाळ्यांत आले तर 16 गुण दंड, अंतर वाढेल तसा 8, 4, 2, 1. आम्ही तेच उचललं, फक्त सकाळ-दुपार लागोपाठ आल्याचा दंड वाढवला. आमच्याकडचा पोरगा पहाटेच्या यष्टीनं निघालेला असतो.

पण अल्गोरिदम, म्हणजे तक्ता लावायची ही रीत, हे कामातलं लहान प्रकरण निघालं. मोठं होतं विद्यार्थ्यांच्या याद्यांचं. कुणी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली, कुणी श्रीलिपीत, कुणी युनिकोडमध्ये. एकच विषय जुन्या अभ्यासक्रमात एका कोडनं, नव्यात दुसऱ्या. कोडमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ. वर्षानुवर्षं लग्नपत्रिका एका फॉन्टमधून दुसऱ्यात आणल्या होत्या, ती मेहनत इथे कामाला आली. पुण्या-मुंबईचा एखादा विक्रेता या कचऱ्याला वैतागून पळाला असता, असं मला अजूनही वाटतं.

पहिला तक्ता एका स्वायत्त कॉलेजात नेला. मोठ्या बाबूंनी पट्टी लावून एकेक ओळ वाचली, लाल पेननं दोन ठिकाणी गोल केला. क्लॅश एकही नव्हता. "हे तं बराबर हाये भाऊ, पण या दिवशी इथला बाजार असते. गाडीत पाय ठेवाले जागा नसते. अन् जुन्या-नव्या अभ्यासक्रमाचा पेपर एकाच पाळीत ठेवा, दोन दिवस सेंटर कोण लावीन?" हे नियम कुठल्या परिपत्रकात नव्हते, त्यांच्या डोक्यात होते. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या कामाची सुरुवात बाबूंसोबत बसूनच होते.

अशाच बैठकांतून यादी वाढली. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा जास्त विद्यार्थ्यांचे पेपर सकाळच्या पाळीत. परीक्षा लांबून पावसाळ्यात गेली तर पर्लकोटा नदीच्या पुरानं गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, म्हणून तिकडच्या विद्यार्थ्यांच्या पेपरांना मागे राखीव दिवस. एका प्राध्यापकांनी तर झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामात सकाळचे पेपर कमी ठेवायला सांगितलं, अर्धा वर्ग रात्रभर मांडवात असतो म्हणे. तो नियम आम्ही घेतला नाही, पण सर काही खोटं बोलत नव्हते.

पैशाचं थोडक्यात सांगतो. बिलं दोन-दोन सत्रं अडकतात, म्हणून झेरॉक्स मशीन अजून विकलेली नाही. दोघं कोडिंग बघतात, एक जण फक्त याद्या साफ करतो, आणि पगार त्याचाच आधी होतो.

सध्या आमचं डोकं विलंब शुल्काच्या फॉर्मांत आहे. वेळापत्रक जाहीर झाल्यावरही फॉर्म येत राहतात आणि एकेका फॉर्मनं नवी रेघ ओढली जाते. सगळा तक्ता नव्यानं लावला तर जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांवर गोंधळ. म्हणून आता प्रोग्रॅम बाकीचं जागेवर धरून कमीत कमी पेपर हलवतो, आणि कुणाची तारीख बदलली त्याची यादी वेगळी छापतो. ज्या कॉलेजांना काम द्यायचं असेल त्यांनी यादीत सीट नंबरसोबत पीआरएन (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक) जरूर पाठवावा. सीट नंबर दर सत्राला बदलतो, आणि राहिलेल्या विषयांची गाठ पीआरएनशिवाय लागत नाही.