परातीतला राजहंस

आमची शाळा अमळनेर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. जानेवारीत स्नेहसंमेलन, आणि नाटुकलं बसवायचं काम माझ्या गळ्यात. त्या वर्षी मी कुरूप पिल्लाची गोष्ट घेतली. मूळची डेन्मार्कची, हान्स अँडरसनने १८४३ साली लिहिलेली.

पात्रं दहा मिनिटांत वाटून टाकली. पिल्लू म्हणून चौथीतली एक सावळी, काटकुळी पोरगी. शेवटी राजहंस म्हणून पाचवीतली उंच, गोरी. का, असं कुणी विचारलं असतं तर 'स्टेजवर उठून दिसतं' म्हणाले असते. कुणी विचारलंच नाही.

तिसऱ्या तालमीला पिल्लू पडद्यामागे गेलं, राजहंस बाहेर आला, मी टाळ्या वाजवल्या. धाकटी पडदा धरून तशीच उभी.

"मॅडम, पिल्लू मी शे. मंग मोठं व्हयनं का ती कशी व्हई गई?"

बाकीची पोरं हसली. मला काही सुचेना. "उद्या सांगते," म्हणून वेळ मारून नेली.

रात्री गोष्ट पुन्हा काढून वाचली. पिल्लू कुठे जातच नाही. राजहंस आता आपल्याला मारणार असं धरून ते मान खाली घालतं, आणि पाण्यात त्याला स्वतःचंच रूप दिसतं. पोर बदलायची अक्कल सर्वस्वी माझी. आणि लिहिणारा हा माणूस स्वतः जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, ताडमाड, बेढब. लोकांच्या थट्टेचा विषय झालेला. नाटकात काम मिळावं म्हणून चौदाव्या वर्षी एकटा कोपनहेगनला गेला होता. त्यालाही माझ्यासारख्याच कुणीतरी पडद्यामागे पाठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी पिल्लूही तीच आणि राजहंसही तीच. मोठी रुसेल वाटलं होतं, पण तिला कोंबडी दिली. "तुला अंडी घालता येतात का?" असं पिल्लाला दरडावणारी. तिला ती इतकी आवडली की घरीही सगळ्यांना तेच विचारत सुटली.

पंखांची चिंता नव्हती. भाव वाढेल या आशेने घराघरांत कापूस पडून होता. पोरांनी पिशव्या भरभरून आणला. जुन्या ओढणीवर खळीने चिकटवला. तळं म्हणजे खिचडीची परात, काठोकाठ पाणी भरून.

संमेलनाच्या संध्याकाळी रंगरंगोटी करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी तिच्या तोंडाला गुलाबी पावडर थापली. चेहरा राखेत लोळल्यासारखा, मान सावळीच. मी बोलणार तेवढ्यात तिने पंखातला कापूस उपटला, पाण्यात बुडवला आणि तोंड खसाखसा पुसलं. डाव्या पंखाला तळहाताएवढं भगदाड पडलं. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "असू द्या."

शेवटच्या प्रसंगात ती परातीवर वाकली. वाक्य होतं, 'अरे, हा सुंदर राजहंस कोण?' ती बोलेना. विंगेतून मी दोनदा कुजबुजले. मांडवात खोकले सुरू झाले. ती आपली पाण्यात बघतेय, कपाळावरची बट बाजूला करतेय.

मग मोठ्याने म्हणाली, "हाई ते मीच शे!"

पुढच्या रांगेतली तिची आजी तोंडाला पदर लावून हसत सुटली. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. उठताना तिचा पाय परातीला लागला आणि निम्मं तळं हार्मोनियमवाल्या सरांच्या अंगावर गेलं.

सकाळी खिचडीवाल्या मावशींनी मला स्वयंपाकखोलीच्या दारातच गाठलं. परातीच्या काठाला खळ वाळून कापूस चिकटला होता. "मॅडम, हाई कोन घासी?"

मीच घासली.