५,२४,२८८ च्या पुढचे मार्ग

१२ ऑगस्ट २०१४, मंगळवार. दुपारी एकनंतर आमच्या नेटच्या ग्राहकांच्या तक्रारी यायला लागल्या, पण नेट बंद पडल्याच्या नाहीत. काही साइट उघडत होत्या, काही नाही. एका बँकेचं पान अडलं, दहा मिनिटांनी ते सुटलं आणि भलतीच साइट अडली. फायबर तुटला की सगळंच जातं, त्यामुळे असला निवडक बिघाड लिंकचा नसतो. तरी पाहिलं: ऑप्टिकल पॉवर ठीक, अपस्ट्रीमच्या (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या) पोर्टवर एरर शून्य, ट्रॅफिक मात्र निम्म्यावर.

खरी खूण सीमेवरच्या, म्हणजे आमचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला जोडणाऱ्या, राउटरमध्ये होती. सीपीयू शंभर टक्क्यांवर, आणि त्यातला बहुतेक वाटा ‘इंटरप्ट’चा. नवीन मुलं इथे घसरतात. सीपीयू एखाद्या प्रोसेसने खाल्ला असेल तर बीजीपी (जाळी एकमेकांना मार्ग सांगतात तो प्रोटोकॉल) किंवा एसएनएमपीवर (उपकरणांवर नजर ठेवणारा प्रोटोकॉल) संशय घ्यायचा. इंटरप्टने खाल्ला असेल तर पॅकेटं चिपमधून न जाता थेट सीपीयूतून चाललीत, असं समजायचं. लॉगमध्येही तेच होतं: मार्गांचा (कोणत्या पत्त्याचं पॅकेट कुठे पाठवायचं या नोंदींचा) हार्डवेअर तक्ता भरला, उरलेले मार्ग सॉफ्टवेअरने चालवले जातील.

हा तक्ता टीकॅम नावाच्या महागड्या मेमरीत असतो. आमच्या जातीच्या राउटरमध्ये एकूण १०,४८,५७६ कप्पे. कारखान्यातून येताना त्यातले निम्मे, म्हणजे ५,२४,२८८, आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) आणि एमपीएलएस लेबलांना (जाळ्याच्या आत पॅकेटांना लावायच्या खुणा) दिलेले. उरलेले आयपीव्ही६ (नवे, लांब पत्ते) आणि मल्टिकास्टला (एकाच वेळी अनेकांना पाठवायचा ट्रॅफिक), कारण त्यांच्या प्रत्येक नोंदीला दोन कप्पे लागतात. चिप सेकंदाला कोट्यवधी पॅकेटं पुढे ढकलते, सीपीयू फार तर काही लाख. हिस्सा भरला की नंतर आलेल्या मार्गांना कप्पा मिळत नाही. मार्ग सतत येत-जात असतात, म्हणून कप्पा न मिळालेला मार्ग दर वेळी वेगळा, आणि अडणारी साइटही वेगळी. गुदमरलेला सीपीयू बीजीपीचे कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी चालू आहे’ हे संदेश, वेळेवर पाठवू शकत नाही. त्यांची वाट पाहण्याचा १८० सेकंदांचा होल्ड टाइम संपला की सेशन पडतं, परत उभं राहताना पाच लाख मार्ग नव्याने घेतं आणि सीपीयूवर आणखी बोजा टाकतं.

त्या दुपारी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीकडून तिच्या आयपी पत्त्यांच्या ब्लॉकचे सुमारे १५,००० लहान तुकडे जगभर जाहीर झाले आणि थोड्याच वेळात मागेही घेतले गेले. पण त्या कंपनीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. जगाचा तक्ता तेव्हा पाच लाखांवर रेंगाळत होता. त्यात प्रत्येक जाळ्याचे आतले मार्ग आणि लेबलं मिळवली की मर्यादा आज नाही तर दोन महिन्यांनी ओलांडली गेलीच असती. १९९४ मध्ये हाच तक्ता वीसेक हजारांचा होता. पत्त्यांची ए, बी, सी वर्गांची वाटणी मोडून १९९३ मध्ये सायडर (हवे त्या आकाराचे ब्लॉक देण्याची पद्धत) आलं, ते तक्ता फुगू नये म्हणूनच. तरी २००१ च्या सुमारास लाख झाले. एप्रिल २०११ पासून एपनिक (आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी संस्था) प्रत्येक सभासदाला शेवटच्या साठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्तेच देऊ लागलं. मग जिल्ह्याच्या गावातला केबलवालाही आपला स्लॅश २२ (१,०२४ पत्त्यांचा ब्लॉक) चार स्लॅश २४ मध्ये (प्रत्येकी २५६ पत्ते) फोडून जाहीर करणार, दुसरं काय? जगाच्या तक्त्यातले निम्म्याच्या आसपास मार्ग स्लॅश २४ च होते.

तातडीचा उपाय म्हणजे स्लॅश २४ गाळायचे. इथे क्रम चुकला तर बिघाड वाढतो. आधी अपस्ट्रीमकडे डिफॉल्ट रूट (ज्याचा मार्ग माहीत नाही ते सगळं तिकडे) घालायचा, तो तक्त्यात दिसतो का हे पाहायचं, आणि मगच स्लॅश २३ पेक्षा लांब, म्हणजे त्याहून लहान ब्लॉकचे, मार्ग नाकारणारी यादी (प्रीफिक्स-लिस्ट) लावायची. उलट केलं तर ज्या साइट फक्त स्लॅश २४ मध्ये आहेत त्यांचा पत्ताच राउटरला राहत नाही. ‘सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन इनबाउंड’ मात्र लावायचं नाही, कारण ते पूर्ण तक्त्याची आणखी एक प्रत रॅममध्ये ठेवतं. शेजाऱ्याकडून मार्ग पुन्हा मागवणारं रूट रिफ्रेश पुरतं.

एवढ्याने सीपीयू पूर्ण उतरत नाही. मार्ग कमी झाले तरी एक्सेप्शनची, म्हणजे सीपीयूतून पॅकेटं चालवण्याची, स्थिती आपोआप जात नाही, राउटर रीलोडच (बंद करून पुन्हा चालू) करावा लागतो. कप्प्यांची वाटणी बदलणारी कमांड एका ओळीची, पण तीही रीलोडनंतरच लागू होते. निर्मात्याने काही महिने आधी सूचना काढूनही अनेकांनी हे लांबवलं होतं ते याचमुळे: रीलोड म्हणजे बूट आणि पुन्हा पूर्ण तक्ता भरणं. सोबतीला दुसरा राउटर असला की लोक निश्चिंत असतात. तो त्याच जातीचा, त्याच वाटणीचा असेल तर तोही त्याच मिनिटाला भरतो. रात्री व्हीआरआरपीने (एका राउटरचं काम दुसऱ्याकडे देणारा प्रोटोकॉल) ट्रॅफिक एकीकडे वळवून दोन्ही आळीपाळीने रीलोड केले.

नव्या वाटणीत आयपीव्ही४ ला किती कप्पे द्यायचे यावर वाद झाला. सगळीकडे १०००के (एक के म्हणजे १,०२४) सुचवलं जात होतं. हिशेब करून पाहा: कप्पे १०२४के, त्यातले १०००के आयपीव्ही४ ला दिले तर उरतात २४,५७६, दोनाला एक नोंद, म्हणजे १२,२८८ आयपीव्ही६ मार्ग. जगात तेव्हाच ते वीस हजारांच्या घरात होते. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा. आम्ही ७६८के दिले. आयपीव्ही६ ला १,३१,०७२ मार्गांची जागा उरली. ७६८के चा आकडाही २०१९ मध्ये गाठला गेला. तोवर ज्यांनी ती पेटी बदलली नव्हती त्यांच्याकडे लॉगमधली तीच ओळ पुन्हा उमटली.