मधली वीस मिनिटं

गुरुवार, रात्री साडेदहा

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर आठव्या मजल्यावरच्या एका बाईंनी स्क्रीनशॉट टाकला. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा, गेटवरच्या अ‍ॅपमधला. आत ९.०४, बाहेर १०.५१. परत आत ११.१२, बाहेर १.४०. खाली त्या ज्या ज्या घरी काम करतात त्या फ्लॅटचे नंबर, वर पासपोर्ट साइझ फोटो आणि शेजारी साडेतीन तारे. सोबत प्रश्न: ही रोज मध्येच वीस मिनिटं जाते कुठे?

मग काय, ग्रुपला काम मिळालं. चहा प्यायला जात असेल. शेजारच्या टॉवरमध्ये गुपचूप काम धरलं असेल. तंबाखू. फोन. एका काकांनी तर लॉबीतलं फुटेज काढून बघा असा सल्लाही दिला. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या मावशी ग्रुपवर नाहीत, असणारही नाहीत.

मी त्या बाईंना फोन लावला. म्हटलं, अहो, हे असं सगळ्यांपुढे टाकायची काय गरज होती? त्या जरा चकितच झाल्या. "त्यात काय एवढं? अ‍ॅपवर सगळ्यांनाच दिसतं की!"

दिसतं, हे खरं. मीही उघडून पाहिलं. मावशी किती वाजता येतात-जातात, कुणाकडे किती वर्षं टिकल्या, कुणी किती तारे दिले, सगळं दिसतं. आठव्या मजल्यावरच्या बाई दिवसातून किती वेळा खाली उतरतात ते मात्र कुठेच दिसत नाही. माझंही नाही. नोंद फक्त गेटवर ज्यांना थांबवतात त्यांची: मावशी, ड्रायव्हर, दूधवाला, पार्सल घेऊन येणारी पोरं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "लालबागच्या चाळीत कुठे होती गं तुझी प्रायव्हसी?"

नव्हतीच. याच जागेवर टॉवर व्हायच्या आधी दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण राहायचो. पुढे कॉमन गॅलरी, सकाळी बादली घेऊन रांग. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा पगार अडकला, कुणाची सोयरीक मोडली, सगळं सगळ्यांना ठाऊक. पण मला आठवतो तो पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. अख्ख्या मजल्याला तो एकच. आम्ही सगळे त्यांचाच नंबर द्यायचो, पुढे कंसात पी.पी. लिहून. लग्न ठरल्यावर यांचा फोन यायचा तोही तिथेच. काकू गॅलरीतून हाक मारायच्या, मी धावत जायचे. रिसीव्हर माझ्या हातात आला की काकू तांदूळ निवडायचं ताट उचलून आत जायच्या आणि रेडिओ मोठा करायच्या. काकांना डोळ्यांनीच खूण, ते पायात चपला सरकवून गॅलरीत. दीड खोलीच्या त्या घरात माझ्यासाठी तेवढी जागा व्हायची. मी आपली "हो", "नाही", "बरं" एवढंच बोलायचे, ते वेगळं.

काकूंना ऐकू आलं नसेल असं नाही. पण ऐकलेलं त्या कुणाला सांगायच्या नाहीत. आणि सांगितलंच असतं, तर त्यांच्या घरातलंही मला ठाऊक होतंच की. आपण पाहिले जातो तसं आपणही पाहतो, एवढा तरी हिशेब तिथे होता. भांडणं व्हायची, अगदी नळावर केस धरून. पण समोरासमोर. मावशी आता कुणाशी भांडणार? तारे कुणी कापले तेच त्यांना कळत नाही.

शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मूलभूत हक्कांचा धडा मी घडाघडा म्हणून दाखवायचे. २०१७ साली २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तेव्हा वर्गात मुलांना खरक सिंगची गोष्ट सांगितली होती. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याचा संशय, पुराव्याअभावी सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची फाइल उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावून घरात आहे का बघायचे, कुठे जातो-येतो ते लिहून ठेवायचे. १९६२ मध्ये कोर्टाने रात्रीचं दार ठोठावणं थांबवलं, पण खासगीपणाचा हक्क म्हणून काही घटनेत नाही, असंही म्हटलं. ते पुसायला पंचावन्न वर्षं लागली. त्यासाठी कोर्टात गेले के. एस. पुट्टस्वामी, स्वतः हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मुलांना त्यांच्या वयाचंच जास्त कौतुक वाटलं.

त्या फाइलीत काय असायचं? आला किती वाजता, गेला किती वाजता. आमच्या अ‍ॅपमध्येही तेच. फरक एवढाच की खरक सिंगवर निदान संशय तरी होता.

माझ्याबद्दल म्हणाल तर मी फार हळवी नाही. दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात. त्याची सक्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना सांगितलंय, तरी मागतातच. मी "नाही देणार" म्हणते आणि रांगेतल्या मागच्यांचे सुस्कारे ऐकते. आधारची झेरॉक्स तर इतक्या ठिकाणी दिलीय की मोजायची सोय नाही. २०२२ मध्ये, झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा, असं सरकारी पत्रक निघालं आणि दोन दिवसांत मागेही घेतलं. लोकांचा गैरसमज होईल म्हणून! असो.

पण मला "नाही" म्हणता येतं. मावशींना विचारलं, तुमचा फोटो अ‍ॅपवर सगळ्यांना दिसतो, माहितेय का? म्हणाल्या, "ताई, वॉचमन म्हणाला पास बनवायचाय. आधार दिलं, फोटो काढला. नाही म्हटलं असतं तर गेटमधून सोडलं असतं का?" तारे म्हणजे काय ते मी समजावलं. त्या हसल्या. "साडेतीन? कितीतले?"

वीस मिनिटांचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पोळ्या झाल्या, परात घासून उपडी घातली आणि त्या गेल्या.

डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी. अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे म्हणे. कायदा म्हणतो संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी, आणि ती मागे घेता आली पाहिजे. गेटवर उभ्या बाईची संमती यात कशी बसते ते कुणीतरी मला समजावून सांगा. पण अठरा महिने थांबायचं कशाला? अ‍ॅपची सेटिंग आमच्याच कमिटीच्या हातात आहे.

म्हणून मघाशी अर्ज लिहिला, साध्या कागदावर. घरकामाला येणाऱ्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा बाकी रहिवाशांना दिसणं बंद करावं. गेटच्या सुरक्षेला लागतात, गेटपुरत्या ठेवाव्यात. तारे काढून टाकावेत. ग्रुपवर कुणाचाही स्क्रीनशॉट टाकू नये. यांनी सही केली, "तुझं शिक्षिकापण काही सुटत नाही" म्हणत. समोरचे जोशी करतील. फुटेजवाले काका करणार नाहीत. त्यांनी स्वतःच्या दारावर लावलेला कॅमेरा थेट आमच्या दाराकडे बघतो, तेव्हा चौथा मुद्दा त्याचा घालावा की उगाच वैर नको, हे अजून ठरत नाहीये. हे म्हणतात नको. मी घालणार बहुतेक.